भुकेने मेलेल्यांनाही युद्धाच्या हिशेबात धरा

गेल्या महिन्यात दुसऱ्या महायुद्धावरच्या एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते अभ्यासू, बोलणे ओघवते, सभागृह भरलेले. पडद्यावर देशवार मृतांचे आकडे आले. सोव्हिएत संघ, चीन, पोलंड, जर्मनी, जपान, सगळ्यांपुढे लाखांचे नाहीतर कोटींचे आकडे. भारतापुढे ८७ हजार. त्यावरून वक्त्यांनी निष्कर्ष काढला की एवढ्या मोठ्या आगीतून भारत थोडक्यात सुटला. उलट त्या युद्धाने आपल्याला कारखाने दिले, इंग्लंडला आपला देणेकरी केले आणि स्वातंत्र्य जवळ आणले. प्रश्नोत्तरांत कुणीतरी बंगालचे नाव काढले, तेव्हा ते म्हणाले की बंगालचा दुष्काळ ही वेगळी गोष्ट, ती वादळामुळे आणि साठेबाजांमुळे घडली, तिला युद्धात ओढण्याचे कारण नाही.

मी तिथेच उठून बोलायला हवे होते. वेळ संपली होती, लोक उठू लागले होते, आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणे तेव्हापासून मनाला टोचते आहे. जे तिथे बोलायचे राहिले ते इथे लिहिते.

८७ हजार हा आकडा खोटा नाही. अखंड भारताच्या सैन्यातली जी माणसे त्या युद्धात गेली त्यांची ती नोंद आहे, आणि त्या नोंदीपुढे मी मान लवते. त्यात आपली माणसे आहेत. इटलीत टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानात जाऊन पाहा. एकेका शिळेवर नाव, हुद्दा, पलटण, तारीख. हिरवळ कापलेली, फुलझाडे निगुतीने राखलेली. मेलेल्या माणसाची अशी कदर व्हावी हे मला मनापासून पटते. माझी तक्रार एवढीच की ही कदर गणवेशाशी येऊन थांबते, आणि आपण मोजदादही तिथेच थांबवतो.

बंगालमध्ये १९४३ आणि १९४४ या दोन वर्षांत किती माणसे गेली? सरकारने नेमलेल्या वुडहेड आयोगाने १९४५ मध्ये सुमारे १५ लाख म्हटले. पुढच्या अभ्यासकांना हा आकडा कमी वाटला. काहींनी २१ लाख धरले, अमर्त्य सेन यांच्यासारख्यांनी ३० लाखांच्या आसपास. सगळ्यांत लहान आकडा घेतला तरी तो रणांगणावरच्या आपल्या मृतांच्या सतरापट होतो. एवढी माणसे ज्या यादीत मावत नाहीत, ती यादी दाखवून देश थोडक्यात सुटला असे कसे म्हणायचे?

यावर वक्त्यांचे उत्तर ठरलेले आहे: ती माणसे युद्धाने मेली नाहीत, दुष्काळाने मेली. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. बंगालमध्ये जे घडले त्याला दुष्काळ हे नाव लावल्यामुळे आपली फसगत होते. दुष्काळ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते, कोरडी विहीर येते, दावणीची सोडून दिलेली जनावरे येतात. बंगालमध्ये जमीन भेगाळलेली नव्हती. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात जी आकडेवारी मांडली तिच्यावरून दिसते की १९४३ साली उपलब्ध असलेला तांदूळ आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी होता, पण १९४१ पेक्षा तेरा टक्क्यांनी जास्त होता. १९४१ मध्ये कुणी रस्त्यावर मरून पडले नव्हते. सेन यांच्या आकड्यांवर वाद झाले आहेत. भाताच्या रोगाने आणि वादळाने पीक त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त बुडाले असे म्हणणारे अभ्यासक आहेत. पण ते म्हणणे धरून चालले तरी थोड्या तुटीपासून लाखो मृत्यूंपर्यंतचा रस्ता निसर्गाने बांधलेला नाही. तो माणसांनी बांधला, आणि युद्धासाठी बांधला.

तो कसा बांधला गेला, ते सावकाश पाहायला हवे.

८ मार्च १९४२ रोजी रंगून जपानच्या हाती पडले. बर्माचा तांदूळ बंद झाला. बंगालच्या एकूण गरजेत त्याचा वाटा लहान होता, पण बाजार हबकायला तेवढे पुरते. त्यातून बर्मातून पायी येणाऱ्या निर्वासितांचे लोंढे सुरू झाले, आणि बंगाल एका रात्रीत आघाडीचा प्रांत बनला. जपानी फौजा समुद्रमार्गे उतरतील या भीतीने सरकारने ठरवले की किनारपट्टीत शत्रूच्या हाती काही लागू द्यायचे नाही. सरकारी भाषेत याला ‘डिनायल पॉलिसी’ म्हणत. शत्रूला नाकारण्याच्या गोष्टी दोन होत्या: तांदूळ आणि होड्या.

होड्यांचे आधी सांगते, कारण घाटावरच्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकाला त्याचे मोल चटकन जाणवणार नाही. पूर्व बंगाल म्हणजे नद्यांचे जाळे. तिथे बाजाराला होडीने जायचे, शेतावर होडीने जायचे, बेटावरचे भात होडीने आणायचे, मासे होडीतून धरायचे, मडकी होडीत भरून विकायला न्यायची. दहापेक्षा जास्त माणसे बसतील अशी प्रत्येक होडी ताब्यात घ्या किंवा मोडा, असा हुकूम निघाला. सुमारे ४६ हजार होड्या अशा गेल्या. काही जाळल्या, काही बुडवल्या, काही एका जागी गोळा करून कुजू दिल्या. आपल्याकडे पेरणीच्या तोंडावर सरकारने गावातले सगळे बैल आणि गाड्या नेल्या असत्या तर काय झाले असते, याची कल्पना करा. गांधीजींनी त्याच वेळी ‘हरिजन’मधून याविरुद्ध लिहिले. प्रांताचे पंतप्रधान फजलुल हक यांनी गव्हर्नर जॉन हर्बर्ट यांना बजावले की तुम्ही तांदळाचा दुष्काळ ओढवून घेत आहात. निवडून आलेल्या मंत्रिमंडळाला बाजूला ठेवून हे हुकूम निघत होते. जपानी आलेच नाहीत. होड्या मात्र गेल्या, आणि त्यांच्यासोबत कोळी, नावाडी, कुंभार यांची पोटे गेली. पुढे मृतांत कुणाचे प्रमाण जास्त होते ते पाहिले की शेतमजुरांच्या जोडीला नेमकी हीच माणसे दिसतात.

तांदळाची खरेदी आकाराने फार मोठी नव्हती. पण मेदिनीपूर, बाकरगंज, खुलना या जिल्ह्यांत सरकारचे दलाल पैशांच्या थैल्या घेऊन फिरू लागले, तेव्हा गावोगाव एकच गोष्ट पोचली: तांदूळ संपणार आहे. ज्याच्याकडे होता त्याने तो दाबून ठेवला. याच काळात फौजेसाठी विमानतळ, छावण्या, रस्ते बांधले जात होते आणि त्याचा खर्च नोटा छापून भागवला जात होता. युद्धाच्या सहा वर्षांत देशात फिरणाऱ्या नोटा सहापटीहून अधिक झाल्या. कलकत्त्यात ज्याच्या हाती या नोटा पडत होत्या तो चढा भाव देऊ शकत होता. गावातल्या मजुराची मजुरी होती तिथेच होती.

आता भाव पाहा. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये मणभर तांदूळ १३-१४ रुपयांना होता. मार्चमध्ये २१. मेच्या शेवटी ३० च्या वर. ऑगस्टमध्ये ३७. ऑक्टोबरमध्ये चितगावला ८० आणि ढाक्यात १०५ रुपये भाव पोचल्याच्या नोंदी आहेत. डिसेंबरच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या घरी ऑक्टोबरमध्ये काय शिजले असेल, याचा हिशेब करायला अर्थशास्त्र लागत नाही.

आणि कलकत्ता? कलकत्त्यात गिरण्या होत्या, गोदी होती, दारूगोळ्याचे कारखाने होते, रेल्वे होती. तिथला कामगार उपाशी राहिला तर युद्ध थांबेल. म्हणून माणसांची विभागणी झाली. जे युद्धाला आवश्यक त्यांना कारखान्यामार्फत, कचेरीमार्फत स्वस्त धान्य. बाकीच्यांना बाजार. हा निर्णय कुणी चोरून घेतला नव्हता. कागदावर, टिपणीवर, सहीनिशी घेतला होता. मला संपूर्ण प्रकरणात सर्वांत भयंकर वाटते ती हीच गोष्ट. एका प्रांतातल्या माणसांत कोण खाण्यास पात्र आणि कोण नाही हे युद्धाच्या गरजेवरून ठरवले गेले, आणि जे पात्र ठरले नाहीत ते गावांतून उठून कलकत्त्याच्या पदपथांवर येऊन मेले. ते भातही मागत नव्हते. दारोदार ‘फ्यान दाओ’ म्हणत होते. फ्यान म्हणजे भात शिजल्यावर ओतून टाकतात ते पाणी. कोकणातल्या घरात पेज काय असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे मागणे किती खाली उतरलेले आहे ते कळेल.

हे सगळे डोळ्यांपुढे असताना सरकारने दुष्काळ जाहीर केला नाही. दख्खनच्या १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी स्वतःच दुष्काळ संहिता केली होती. ती लावली की काम, मजुरी आणि शिधा देणे सरकारवर बंधनकारक होई. बंगालमध्ये ती लावलीच नाही, कारण संहितेने मागितलेला शिधा सरकारजवळ नव्हता. द्यायचे नाही म्हणून नाव घ्यायचे नाही. २२ ऑगस्ट १९४३ रोजी ‘द स्टेट्समन’ या इंग्रजांच्याच मालकीच्या वर्तमानपत्राने, संपादक इयान स्टीफन्स यांनी, पदपथांवरच्या मृतांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे जगाला हे दिसले.

आता वक्त्यांचे आक्षेप एकेक घेते.

वादळ आले होते. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी आले, मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर समुद्र आत घुसला आणि सरकारी हिशेबाने १४ हजारांवर माणसे गेली. पण त्या वादळाबरोबर युद्ध कसे वागले तेही सांगायला हवे. मेदिनीपूर हा ‘चले जाव’चा बालेकिल्ला होता. वादळापूर्वी अडीच आठवडे तमलुकला पोलिसांच्या गोळीने मातंगिनी हाजरा पडल्या होत्या. पुढे डिसेंबरात तिथे ताम्रलिप्त सरकार उभे राहिले, आपल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जणू थोरले भावंड. बंडखोर जिल्हा म्हणून वादळाची बातमी दाबली गेली, मदत रोखली गेली. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी याच दडपशाहीवरून नोव्हेंबरात अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. वादळ निसर्गाचे होते. वादळात सापडलेल्या माणसाला अन्न न देण्याचा निर्णय निसर्गाचा नव्हता.

साठेबाज होते. नक्की होते, आणि आपलेच होते. त्यांना मी एका शब्दानेही सोडणार नाही. प्रांतिक मंत्रिमंडळे नालायक होती, हेही खरे. मार्च १९४३ मध्ये भावनियंत्रण उठवले गेले, शेजारच्या प्रांतांनी आपल्या सीमा धान्यापुरत्या बंद केल्या, नव्या मंत्रिमंडळाचे पुरवठामंत्री सुऱ्हावर्दी धान्य पुरेसे असल्याची ग्वाही देत राहिले. पण साठेबाज शांततेतही असतो. १९४१ मध्येही होता. तो लाखोंचा जीव घेऊ शकला तो वाहतूक मोडलेली, चलन फुगलेले आणि सरकार दुसरीकडे पाहत असलेले अशा दिवसांत. ते दिवस त्याने आणले नव्हते.

तिसरा आक्षेप जहाजांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. जहाजे नव्हती, हिंदी महासागरात जपानी पाणबुड्या होत्या, युरोपवर चढाईची तयारी चालली होती, म्हणून लंडनला इच्छा असूनही धान्य पाठवता आले नाही. दिल्लीने पाच लाख टन मागितले होते. ४ ऑगस्ट १९४३ च्या युद्धमंत्रिमंडळाच्या बैठकीत भारतमंत्री एमरी यांनी बाजू मांडली, आणि पदरात पडले ते इराकच्या बार्लीचे व ऑस्ट्रेलियाच्या गव्हाचे थोडेसे आश्वासन. कॅनडाने गहू देऊ केला, तर उत्तर गेले की तो पोचायला फार वेळ लागेल. पुढे धान्य आले, हे मी लपवत नाही. १९४४ मध्ये बरेच आले. एप्रिल १९४४ मध्ये चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे जहाजे मागितली आणि रूझवेल्ट यांनी नकार दिला, हेही खरे. पण तोवर किती माणसे उरली होती?

जहाजांच्या या युक्तिवादापुढे मी ग्रीस ठेवते. १९४१ मध्ये ग्रीस जर्मनी-इटलीच्या टाचेखाली गेला. ब्रिटिश आरमाराने त्याची नाकेबंदी केली, आणि पहिल्याच हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मरू लागली. इंग्लंडमध्ये ओरड झाली. ऑक्सफर्डमध्ये काही लोकांनी १९४२ मध्ये समिती काढली, तीच पुढची ऑक्सफॅम. नाकेबंदी सैल झाली, आणि स्वीडिश जहाजांतून रेडक्रॉसच्या देखरेखीखाली कॅनडाचा गहू महिन्याला १५ हजार टन ग्रीसला जाऊ लागला. लक्षात घ्या, हा देश शत्रूच्या ताब्यात होता. तिथे पाठवलेल्या धान्याने जर्मनांचा भार हलका होईल अशी भीती होती. तरी मार्ग निघाला, कारण तो काढायचे ठरले. ते ठीकच झाले, आणि त्या गव्हाने वाचलेल्या प्रत्येक ग्रीक मुलासाठी मला आनंद आहे. बंगाल तर साम्राज्याचाच भाग होता. त्याचे पुत्र त्याच साम्राज्यासाठी लढत होते.

घरातला पुरावाही आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये वेव्हेल व्हाइसरॉय झाले. आधीचे लिनलिथगो एकदाही त्या पदपथांवर गेले नव्हते. वेव्हेल आल्याबरोबर कलकत्त्याला गेले आणि धान्य पोचवण्याचे काम फौजेकडे दिले. ट्रक तेच, रस्ते तेच, युद्ध तेच. ऑगस्टमध्ये अशक्य होते ते नोव्हेंबरात होऊ लागले. मुंबईत तर मे १९४३ मध्येच शिधापत्रिका सुरू झाल्या होत्या. कलकत्त्यात त्या १९४४ उजाडल्यावर आल्या. या दोन तारखांच्या मधल्या महिन्यांत जे मेले त्यांना वादळाने मारले असे म्हणणे मला जमणार नाही.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही थोडे भांडायचे आहे. अलीकडे बंगालचे नाव निघाले की सारा दोष चर्चिल यांच्या एकट्याच्या माथी मारला जातो. भारतीयांविषयी ते काय बोलत ते एमरी यांच्या आणि वेव्हेल यांच्या रोजनिशीत आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. त्यांना माफी देण्याचा प्रश्नच नाही. पण एका दुष्ट माणसाने सारे केले म्हटले की दुसरा चांगला माणूस असता तर हे टळले असते असे वाटू लागते. होड्या मोडण्याचा हुकूम चर्चिल यांनी दिला नव्हता. आवश्यक माणसांच्या याद्या त्यांनी केल्या नव्हत्या. ते कलेक्टरांनी, सचिवांनी, व्यापारी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी केले, आणि त्यांतले बरेचजण आपापल्या परीने कर्तव्यदक्ष होते. युद्ध म्हटले की प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न येतो की याने लढाईला मदत होईल का, आणि ज्याचे उत्तर नाही असे येते ते माणूस असले तरी बाजूला सरकवले जाते. हे युद्धाच्या कामाचे स्वरूपच आहे. म्हणूनच त्याचे मृत युद्धाच्या खात्यावर मांडले पाहिजेत.

मग हिटलरला थांबवायचे नव्हते का? थांबवायलाच हवे होते. नानकिंगमध्ये जपानी फौजांनी जे केले ते पाहता जपानलाही. मी त्या युद्धाचे कारण खोडून काढत नाही. पण न्याय्य युद्धाचाही हिशेब पूर्ण द्यावा लागतो, आणि ज्या युद्धाला आपण न्याय्य म्हणतो त्याच्या बाबतीत तर अधिकच कठोरपणे. बंगालच्या शेतमजुराला कुणी विचारले नव्हते की या विजयासाठी तू आपली लेकरे देशील का. भारताला युद्धात ढकलतानाच कुणी विचारले नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी लिनलिथगो यांनी ते परस्पर जाहीर केले होते.

राहिला फायद्याचा मुद्दा. युद्धाअखेर इंग्लंडकडे आपले सुमारे १३० कोटी पौंड येणे झाले होते, हे खरे. पण ते जमले कसे? फौजेसाठी इथे माल आणि मजुरी रुपयांत घेतली गेली, त्याबदली लंडनमध्ये पौंडांची नोंद होत गेली, आणि त्या नोंदीच्या आधारावर इथे नोटा छापल्या गेल्या. भाव चढले ते या नोटांनी. म्हणजे वक्ते ज्याला देशाची कमाई म्हणतात, तीच बंगालच्या झोपडीत तांदळाचा भाव बनून शिरली. ती सक्तीची बचत होती, आणि सर्वांत मोठी बचत ज्यांनी केली ते ती खर्चायला उरले नाहीत. कारखाने निघाले, तेही खरे. पण एकाच वहीतली जमा वाचून दाखवायची आणि खर्चाचे पान चिकटवून टाकायचे, याला इतिहास म्हणत नाहीत.

युद्ध भारताला लांबून शिवून गेले, हेही बरोबर नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेले ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज फुटले, शेकडो माणसे जागच्या जागी गेली, मांडवीच्या आसपासचे मोहल्ले जळाले. त्यांचीही नावे कुठल्या युद्धशिळेवर शोधायची?

एवढ्या जुन्या गोष्टीवर इतके तळमळून का लिहायचे, असे कुणी विचारील. कारण मोजायची ती पद्धत अजून चालू आहे. लेनिनग्राडला जर्मनांनी ८७२ दिवस वेढा घातला, किमान आठ लाख नागरिक त्यात गेले, बहुतेक भुकेने. १९४८ मध्ये न्युरेंबर्गच्या न्यायालयापुढे फील्ड मार्शल फॉन लेब यांचा खटला चालला, तेव्हा वेढ्यातल्या नागरिकांची उपासमार करणे त्या वेळच्या कायद्यात गुन्हा नव्हता असे न्यायाधीशांना म्हणावे लागले. नागरिकांना उपाशी मारणे हे लढाईचे साधन म्हणून वापरू नये, हे जिनिव्हा करारांच्या जोडपत्रात १९७७ मध्ये लिहिले गेले. बंगाल भोगलेला आपला देश त्या जोडपत्रात आजही सामील नाही. मला याची लाज वाटते.

येमेनच्या युद्धाने २०२१ अखेर ३ लाख ७७ हजार बळी घेतले, असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यांतले सुमारे साठ टक्के बॉम्बने किंवा गोळीने गेलेले नाहीत. बंदरे अडली, इंधन अडले, दवाखाने बंद पडले, पाणी दूषित झाले आणि लेकरे गेली. सुदानमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये झमझमच्या निर्वासित छावणीत दुर्भिक्ष असल्याचे अधिकृतपणे मान्य झाले. शेजारच्या अल फाशर शहराला वेढा पडला तेव्हा माणसे शेंगदाण्याची पेंड खाऊन दिवस काढत होती, जी आपण गुरांपुढे टाकतो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा प्रांतात दुर्भिक्ष असल्याचे जाहीर झाले. ‘स्टेट्समन’ने छायाचित्रे छापली त्याला त्या दिवशी बरोबर ८२ वर्षे झाली होती. सीमेपलीकडे ट्रक भरून उभे होते. आणि तिथेही युक्तिवाद ऐकू आले: धान्य पुरेसे आत जाते आहे, ते चोरले जाते आहे, आकडे फुगवलेले आहेत, मेलेले आधीच आजारी होते. बंगालचे कागद ज्याने वाचले आहेत त्याला यांतले एकही वाक्य नवे वाटणार नाही.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार मेदिनीपूरच्या गावांतून पायी फिरला. जी माणसे दिसली त्यांची त्याने काळ्या शाईत चित्रे काढली, त्यांच्या हकिगती लिहून घेतल्या. मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’मध्ये त्याची चित्रे येत. त्याने ‘हंग्री बेंगॉल’ हे छोटे पुस्तक काढले. सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. एक प्रत वाचली. नंतर तो मुंबईत आला आणि आयुष्याचा मोठा काळ अंधेरीत राहिला, आपल्या शेजारी. सरकार घाबरले ते कशाला? त्या पुस्तकात बंडाची हाक नव्हती. पोट खपाटीला गेलेली, गुडघ्यांत डोके घातलेली माणसे होती, आणि ती कुठल्या गावची ते लिहिलेले होते.

खडकीत शिळा आहेत. बंगालच्या त्या लाखोंसाठी एवढ्या वर्षांत एक साधी पाटीही कुणी उभारलेली नाही.

वक्ते महाराज, आपल्या अभ्यासाचा मला आदर आहे, म्हणूनच हे मागते आहे. पुढच्या गावी हेच व्याख्यान द्याल तेव्हा भारतापुढचे ८७ हजार पुसू नका. त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, बंगालचा आकडा लिहा. १५ लाख पटत असतील तर १५ लाख लिहा, ३० पटत असतील तर ३०. आणि मग सभागृहाला सांगून पाहा की आपण थोडक्यात सुटलो.